अडखळत बोलण्याचा सराव : फोनवर, बसमध्ये आणि बुधवारच्या बाजारात

तोतरेपणावर उपचार घेणाऱ्या बहुतेक प्रौढांना एक अनुभव हमखास येतो आणि त्याची पूर्वकल्पना फारसे कोणी देत नाही. स्पीच थेरपिस्टच्या खोलीत काही आठवड्यांतच बोलणे बऱ्यापैकी सुरळीत होऊ लागते, कारण तिथली खुर्ची ओळखीची असते, समोरची व्यक्ती ओळखीची असते आणि घाई कोणालाच नसते. त्याच संध्याकाळी रिक्षावाल्याला 'पंचवटी कारंजा' एवढे दोन शब्द सांगताना मात्र ओठ मिटतात ते उघडत नाहीत. खोलीत जमलेले तंत्र रस्त्यावर नेणे हा या उपचारातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यासाठी वेगळा सराव लागतो. नाशिकमध्ये नोकरी करता करता मी तो कसा करते, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, हे येथे मांडते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तोतरेपणा बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. साधारण 5 टक्के मुले कधी ना कधी या टप्प्यातून जातात आणि त्यांतील बहुसंख्य मुले आपोआप किंवा उपचारांनी त्यातून बाहेर पडतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे 1 टक्का उरते. प्रौढांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या जवळजवळ चौपट असते, त्यामुळे अडखळणारी बाई भेटली की लोक जरा अधिकच चकित होतात. कारणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. 2010 साली अमेरिकी संशोधकांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी संबंधित जनुकीय बदल प्रथम दाखवून दिले, आणि मेंदूच्या प्रतिमांवरून असेही दिसते की बोलण्याच्या हालचालींची जुळवाजुळव करणाऱ्या, विशेषतः डाव्या गोलार्धातील, मार्गांमध्ये अडखळणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत फरक असतो. घाबरटपणा हे याचे मूळ कारण नव्हे, जीभ जड असणे हेही नव्हे. लहानपणी माझ्या जिभेला वेखंड उगाळून लावले जाई. त्यामुळे तोंड कडू होई, याव्यतिरिक्त त्याचा काही परिणाम झाल्याचे मला आठवत नाही.

अडखळणे मुख्यतः तीन प्रकारांनी होते: अक्षराची आवृत्ती होते, आवाज लांबत जातो किंवा आवाज मुळी बाहेरच येत नाही. या तिसऱ्या प्रकाराला आम्ही 'ब्लॉक' म्हणतो आणि माझा बहुतेक त्रास त्याचाच आहे. माझे नाव 'प'ने सुरू होते, माझ्या जन्मगावाचे नावही 'प'ने सुरू होते आणि मी ज्या द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयात काम करते, तिथे मला दिवसभर पिंपळगावच्या बागायतदारांना फोन करावे लागतात. ही निवड माझी नव्हती, पण सरावासाठी याहून चांगली सोय मिळाली नसती.

ओघवत्या बोलण्यासाठी शिकवली जाणारी तंत्रे ऐकायला सोपी आहेत. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी मृदू सुरुवात करायची, म्हणजे आवाज सुरू होण्याच्या किंचित आधी थोडा श्वास बाहेर जाऊ द्यायचा, जेणेकरून स्वरतंतू एकमेकांवर आदळत नाहीत, अलगद जवळ येतात. 'ओझर' हा शब्द मला असाच साधला. पहिल्या अक्षराचा स्वर किंचित लांबवायचा, वाक्याचे अर्थाप्रमाणे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचे, हे झाले दुसरे तंत्र. तिसरे हलक्या स्पर्शाचे. 'प', 'ब', 'त', 'क' यांसारख्या अक्षरांत ओठ किंवा जीभ क्षणभर वाट अडवतात. ती अडवण त्यांनी नुसता स्पर्श करून करावी, दाबून करू नये, असे हे तंत्र सांगते. आप्तेष्टांकडून मिळणारा 'मोठा श्वास घे आणि मग बोल' हा सल्ला या तंत्रांच्या जवळचा वाटतो, पण व्यवहारात तो बहुधा उलट काम करतो, कारण मोठा श्वास घेतला की माणूस तो कोंडून धरतो आणि स्वरतंतू आणखी घट्ट मिटतात. श्वास किती घेतला यापेक्षा तो वाहता आहे की नाही, हे महत्त्वाचे असते.

येथे एक गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण मराठीत ती लिहिलेली मला आढळली नाही. या तंत्रांचे बहुतेक साहित्य इंग्रजी भाषकांना समोर ठेवून तयार झालेले आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' मुळातच थोड्या हवेसह उच्चारला जातो, त्यामुळे 'प म्हणताना श्वास बाहेर वाहू द्या' ही सूचना त्या भाषेत निर्धोक ठरते. मराठीत 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख', 'त' आणि 'थ' ही वेगवेगळी अक्षरे आहेत आणि त्यांतला फरक नेमका त्या हवेचाच आहे. ती सूचना तंतोतंत पाळली, तर 'पळ' म्हणायला गेलेली व्यक्ती 'फळ' म्हणून बसते आणि 'काल'चे 'खाल' होते. मी अनेक दिवस 'फिंपळगाव' म्हणत होते. पलीकडचे शेतकरी सभ्य असल्यामुळे कोणी काही बोलले नाही, पण माझ्या थेरपिस्टने ध्वनिमुद्रण ऐकल्याबरोबर हे टिपले. तेव्हापासून आम्ही मराठीपुरती युक्ती बदलली: हवा बाहेर सोडण्याचा प्रयत्न थांबवायचा, ओठ जेमतेम टेकवायचे आणि पूर्ण लक्ष पुढच्या स्वराकडे द्यायचे. 'पिंपळगाव' म्हणताना मनात सुरुवात 'इं'पासून धरायची आणि 'प' वाटेत लागल्यासारखा उरकायचा. स्वर लांबवण्यातही ऱ्हस्व-दीर्घाची अडचण येते, कारण 'दिन' लांबवला की 'दीन' होतो. पण संदर्भामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, म्हणून त्याची चिंता मी सोडून दिली आहे. 'न' आणि 'म' ही अक्षरे नाकातून मुळातच लांबवता येतात, त्यामुळे 'निफाड' आणि 'मोहाडी' यांच्याशी माझे कधी फारसे वाकडे आले नाही.

दुसऱ्या पद्धतीची तंत्रे चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या नावाशी जोडलेली आहेत. 1905 ते 1994 असा त्यांचा जीवनकाळ. ते स्वतः तीव्र तोतरे होते आणि अमेरिकेतील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केले. अडखळणे टाळता येत नसेल, तर निदान ते कमी ताणाने, सावकाश आणि न घाबरता करता यावे, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. तीत तीन तंत्रे ठरावीक क्रमाने शिकवली जातात. पहिल्यात, शब्द अडखळत का होईना पूर्ण करायचा, मग सुमारे तीन सेकंद थांबायचे आणि तोच शब्द पुन्हा, ताण सोडून, हळू म्हणायचा. दुसऱ्यात, अडखळणे चालू असतानाच त्याचा वेग कमी करून त्यातून सरकत बाहेर पडायचे. तिसऱ्यात, अडचण येणार हे जाणवताच शब्द सुरू करण्यापूर्वीच ताण सैल करायचा. हा क्रम आधी मला उलटा वाटला होता, कारण आधीच सावध होता येत असेल तर अडखळून झाल्यावर मागे जाण्याचा आटापिटा कशाला करायचा? परंतु अडखळल्यानंतर थांबणे ज्याला जमत नाही, त्याला अडखळताना थांबणे जमत नाही, आणि आधी थांबणे तर त्याहून जमत नाही.

अर्थात ती तीन सेकंदे काय असतात, हे दुकानात उभे राहूनच कळते. मेनरोडवरच्या दुकानात 'पांढरा' हा शब्द ब्लॉकमधून कसाबसा बाहेर काढायचा, दुकानदार कापड काढायला वळलेलाही असतो आणि आपण मात्र थांबून, श्वास सोडून, त्याला पुन्हा 'पांढरा' म्हणून सांगायचे. काम तर झालेले असते, त्यामुळे हा सगळा उपद्व्याप समोरच्याला निरर्थक वाटतो. तरीही माझ्या मते रोजच्या जीवनात सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे तंत्र हेच आहे. इतर वेळी ब्लॉक संपताच पळ काढण्याची, उरलेले वाक्य एका दमात उरकण्याची सवय असते, आणि ती घाईच पुढच्या ब्लॉकची तयारी करते. थांबल्यामुळे ती साखळी तुटते.

सरावासाठी प्रसंग निवडताना आम्ही त्यांची अवघडपणाच्या चढत्या क्रमाने मांडणी केली. हा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. माझ्या यादीत तळाशी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार होता, कारण तिथे गोंगाट असतो, विक्रेत्याला माझ्या नावाशी कर्तव्य नसते आणि एका ठिकाणी फसले तर चार पावलांवर दुसरा भाजीवाला बसलेला असतो. तिथे मी 'काकू, पालक कशी दिली?' हे एकच वाक्य घेऊन हिंडत असे. पालक घ्यायची असो वा नसो, भाव विचारायचा, उत्तर नीट ऐकायचे आणि नजर वळवायची नाही. नजरेचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ब्लॉक आला की मी डोळे मिटून घेत असे, आणि मिटलेल्या डोळ्यांमुळे समोरच्या चेहऱ्यावर मी स्वतःच तिरस्कार कल्पून घेत असे. डोळे उघडे ठेवल्यावर दिसले की बहुतेक चेहऱ्यांवर फक्त वाट पाहणे असते, आणि काहींचे तर आपल्याकडे लक्षही नसते.

त्याच्या वरची पायरी शहर बसची. नाशिकरोडहून द्वारकामार्गे जाणाऱ्या बसमध्ये मला खरे तर पंचवटी कारंज्यावर उतरायचे असे, पण वर्षानुवर्षे मी तिकीट निमाणीचे काढत असे, कारण 'निमाणी' सहज म्हणता येते, आणि मग तिथून चालत जात असे. अडखळणाऱ्या माणसाचे आयुष्य अशा लहान लहान वळणांनी भरलेले असते. पोळी हवी असताना चपाती म्हणणे, कोथिंबिरीकडे नुसते बोट दाखवणे, पंधरा रुपयांची मिरची हवी असताना 'वीसची द्या' म्हणणे, हे बाहेरून कोणाला कळतही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी 1970 साली तोतरेपणाची तुलना हिमनगाशी केली होती: वर दिसते ते अडखळणे, आणि पाण्याखाली असते ती भीती, लाज आणि टाळाटाळ. ती तुलना आता इतक्यांनी वापरली आहे की तिची धार गेली आहे, पण रोजच्या सरावात तिचा एक नेमका उपयोग आहे. शब्द बदलून मिळवलेला ओघ हा ओघ धरायचा नाही, असा नियम मी त्यावरून स्वतःला घालून घेतला. 'पंचवटी कारंजा' असे अडखळत म्हटले तर सराव झाला. 'निमाणी' असे सफाईने म्हटले तर झाला नाही. कंडक्टर तिकिटाच्या यंत्रावर बोट ठेवून थांबतो तेवढ्या वेळात हा नियम पाळणे सोपे नसते, विशेषतः मागे रांग असते तेव्हा.

टेकूचे शब्द हाही याचाच एक भाग आहे. 'हां, तर', 'म्हणजे', 'काय आहे ना' असे काहीतरी आधी म्हटले की पुढचा अवघड शब्द त्या वेगात निघून जातो. काही आठवडे ही युक्ती चालते. मग एकच टेकू पुरत नाही, दोन लागतात, आणि शेवटी टेकू शिल्लक राहतात व शब्द अडकलेलाच असतो.

माझ्या यादीत सर्वांत वर फोन होता आणि अजूनही आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, ओठ हलत असल्याचे समोरच्याला कळत नाही, आणि शांततेचा अर्थ तो आपल्या परीने लावतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी प्रत्येक बागेची अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत नोंद असावी लागते. त्यामुळे हंगामापूर्वी नोंदणी क्रमांक, छाटणीची तारीख, नमुना केव्हा घ्यायचा, अशी माहिती मला एकेका बागायतदाराकडून विचारून घ्यावी लागते. आकड्यांना पर्याय नसतो. 'पाच'च्या जागी दुसरे काही म्हणता येत नाही. सुरुवातीला 'मी प...' येथे मी अडकले की पलीकडून आवाज येई, 'हॅलो, हॅलो, रेंज नाही का ताई तुम्हाला?' हे इतके सोयीचे कारण होते की मी ते आनंदाने स्वीकारत असे, फोन ठेवून पुन्हा लावत असे आणि दिंडोरी तालुक्यातल्या मोबाइल टॉवरवर सगळा दोष घालत असे.

यावर उपाय म्हणून थेरपिस्टने सुचवलेली गोष्ट तंत्रांच्या यादीत सहसा वरच्या क्रमांकावर नसते: सुरुवातीलाच सांगून टाकायचे. आता माझा फोन असा सुरू होतो: 'नमस्कार दादा, मी बोलताना अडखळते, तेव्हा मध्ये शांतता झाली तरी फोन ठेवू नका.' या वाक्यात क्षमायाचना नाही, हे मुद्दाम ठरवलेले आहे. 'माफ करा' म्हटले की समोरचा माणूस सांत्वन करू लागतो आणि विषय द्राक्षांवरून माझ्यावर येतो. साधी माहिती दिली की तो 'बोला ना ताई, काय घाई नाही' म्हणतो आणि थांबतो. अडखळणे लपवण्यात जेवढे लक्ष खर्च होत असे, तेवढे लक्ष त्यानंतर तंत्राला देता येते, आणि बहुतेकदा ब्लॉकही आखूड होतात.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मुद्दाम अडखळणे. ज्या शब्दावर अडचण नाही, तो शब्द आपल्या इच्छेने, सैलपणे, दोन-तीनदा आवृत्ती करून म्हणायचा: 'नि-नि-निफाडचे बोलताय ना?' हे ऐकून माझ्या घरच्यांना वाटले की पैसे देऊन मी रोग वाढवून आणते आहे. त्यामागचा विचार असा की भीती ही अडखळण्याची नसते, ते आपल्या ताब्यात नसताना घडण्याची असते. जी गोष्ट स्वतः करून दाखवली, ती लपवण्याचे कारण उरत नाही. सगळ्यांना हे मानवत नाही, आणि ज्याला केवळ तोंडाच्या हालचाली सुधारायच्या आहेत त्याने येथून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. मला मात्र मृदू सुरुवातीपेक्षा याचा फायदा अधिक झाला.

'सात दिवसांत तोतरेपणा कायमचा बरा' अशा जाहिरातींबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण नातेवाईक त्यांची कात्रणे आणि व्हिडिओ पाठवत असतात. त्या शिबिरांतील माणसे सातव्या दिवशी खरोखर सुरळीत बोलताना दिसतात आणि त्यात फसवणूक असेलच असे नाही. अडखळणारी व्यक्ती एका ठेक्यात बोलली, गायली किंवा इतरांसोबत एका सुरात बोलली, तर ती सहसा अडखळत नाही. गणपतीच्या दिवसांत आरती म्हणताना माझा एकही शब्द अडत नाही आणि शेजाऱ्यांना दरवर्षी याचे नवल वाटते. संथ, एकसुरी लयीत बोलायला लावले की हाच परिणाम मिळतो. पण त्या लयीत कोणी 'दादा, नमुना गुरुवारी घ्यायचा आहे' असे बोलत नाही, आणि नेहमीच्या वेगाकडे परतताच अडखळणेही परतते. तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषधही आजवर एकही नाही. घरी तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला की अडखळणे कमी होत जाते, हेही जुने निरीक्षण आहे. मात्र दुसरा परिच्छेद घेतला की ते पुन्हा दिसू लागते. म्हणून फोनपूर्वी वाक्ये पाठ करण्यावर मी फार विसंबत नाही.

त्यापेक्षा समान अनुभवाच्या लोकांत बोलणे बरे. 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली संस्था आहे, आणि तिच्याशी जोडलेल्या स्वमदत गटांच्या ऑनलाइन बैठकांना मी जमेल तेव्हा हजर असते. तिथे कोणाला घाई नसते, तंत्र वापरले तरी चालते आणि न वापरले तरी कोणी टोकत नाही. जिथे सगळेच अडखळतात, तिथे ब्लॉकमध्ये अडकलेल्या माणसाकडे पाहताना आपण काय करतो, हेही स्वतःच्या लक्षात येते.

वाईट दिवस अर्थातच येतात. झोप कमी झाली, कंटेनर बंदरावर अडकला, साहेबांनी सर्वांसमोर अचानक काही विचारले, की सर्व तंत्रे एकदम नाहीशी होतात. प्रौढांमध्ये उपचारांनंतर काही काळाने अडखळणे पुन्हा वाढणे ही नेहमीची गोष्ट आहे, हे आधी सांगितले गेल्यामुळे मी अशा दिवसांचा अर्थ लावत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळाच्या प्रसंगापासून, म्हणजे भाजीच्या भावापासून, सुरुवात करते. बैठकीत बोलायचे असेल तर मी शक्यतो पहिल्या काहींत बोलून घेते, कारण आपली पाळी येईपर्यंतची प्रतीक्षा प्रत्यक्ष बोलण्यापेक्षा जास्त ताण देते.

घरी मात्र मी कोणतेच तंत्र वापरत नाही. प्रत्येक अक्षरावर पहारा ठेवून बोलणे थकवणारे असते आणि दिवसातून काही तास तरी तो पहारा उठवलेला बरा, असे थेरपिस्टचेही म्हणणे आहे. आई वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते. बाबांना ते अजून जमलेले नाही. मी अडले की ते लगेच शब्द पुरवतात, तो बहुतेक वेळा भलताच असतो, आणि मग 'तो नाही बाबा, दुसरा' एवढे सफाईने सांगून मला मूळ शब्दाकडे पुन्हा पहिल्यापासून वळावे लागते.